थोरली रडली नव्हती

ट्रॉय, मिशिगन
१२ ऑक्टोबर २०२४

बाबा,

कोर्टात घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्यानंतर तुम्हाला काय म्हणायचं, हे त्या कागदांत कुठे लिहिलेलं नव्हतं. 'काका' लिहून पाहिलं, 'सर' लिहून पाहिलं. दोन्ही परकं वाटलं, म्हणून पूर्वीचंच लिहिते आहे. पटलं नाही तर पत्र बाजूला ठेवून द्या.

दोन वर्षं झाली, मी तुमच्याशी बोललेले नाही. फोन करायचा धीर झाला नाही. तुमची नजर आता अगदीच अधू झाल्याचं ऐकलं, म्हणजे हे पत्र तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवत असणार. आई, तुम्ही वाचत असाल तर तुम्हालाही नमस्कार. निमिषबद्दल यात काही नाही. तो रेडमंडला गेला आणि मी ट्रॉयला राहिले, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. तेवढंच असू दे.

पत्राचं कारण असं की मला तुमचे आभार मानायचे आहेत.

तुम्ही आमच्याकडे सहा महिने राहायला आला होता, ते आठवा. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, आणि माझ्याकडे नोकरी करायची परवानगी नव्हती. इंजिनिअर झालेली मुलगी दिवसभर घरात भांडी पुसत बसायची. तुम्ही पुस्तकांची बॅग उघडलीत आणि म्हणालात, "घे, वाच मला." मी वाचायला लागले. पानभर ऐकून तुम्ही म्हणालात, "रुचा, तू वाक्य संपवण्यासाठी वाचतेस. त्याला जरा श्वास घेऊ दे. लिहिणारा कुठे थांबला होता, ते तुला ऐकू आलं पाहिजे." मला राग आला होता. पण महिन्याभरात मला खरंच ऐकू यायला लागलं.

आता इथली गोष्ट. आमच्या लायब्ररीत एक चिठ्ठी लावलेली होती: नजर गेलेल्या एका बाईंना मोठ्याने वाचून दाखवणारं माणूस हवं आहे. शनिवार-रविवार मला खायला उठतात, म्हणून मी गेले. लाल विटांचं छोटं घर, दारात पाचोळ्याचा ढीग. आत खुर्चीत एक्याण्णव वर्षांच्या एक चिनी बाई, केस पांढरे आणि बारीक कापलेले. नाव शेन युनफांग. त्यांच्या चिनी गोष्टींचा इंग्रजी अनुवाद त्यांच्या एका विद्यार्थिनीने केला आहे, तो छापायला जाण्याआधी त्यांना ऐकायचा होता. माझ्याआधी दोघांना त्यांनी परत पाठवलं होतं.

मी दोन वाक्यं वाचली. त्यांनी हात वर केला. मला वाटलं, आपलीही रवानगी.

"तुला वाचायला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या सासऱ्यांनी," मी म्हटलं.

"त्यांना माझे आभार सांग," त्या म्हणाल्या. "चल, पुढे वाच."

त्यांचे आणि माझे, दोन्ही पोचवते आहे.

रुचा


ट्रॉय
१७ नोव्हेंबर

बाबा,

तुमच्याकडून उत्तर नाही, आणि मी ते मागितलंही नव्हतं. पण शेनबाईंची हकीकत ऐकताना सारखं वाटतं, ही तुम्हाला आवडली असती. म्हणून लिहिते.

त्यांचं गाव यांगत्से नदीच्या खालच्या अंगाला, कालव्यांच्या मुलखात. वडील लवकर गेले. घरात आई आणि दोन मुली. थोरली सतरा वर्षांची, आणि ही नऊची. गावात मुलांची शाळा होती. हेडमास्तरांचा भाऊ बिजवर होता. थोरली त्याला दिली आणि हेडमास्तरांनी धाकटीला मुलांच्या वर्गात बसू दिलं. असा सरळ व्यवहार. कोणी तो बोलून दाखवला नाही, आणि कोणापासून तो लपलाही नाही.

पुढे सोळाव्या वर्षी मामाबरोबर तैवानला आल्या, उन्हाळ्यापुरत्या. मग तिकडे राज्य बदललं, समुद्र बंद झाला, आणि त्यांचा तो उन्हाळा बत्तीस वर्षं चालला.

बाविसाव्या वर्षी त्यांनी थोरलीच्या लग्नावर गोष्ट लिहिली. नाव 'मेण्याचा पडदा'. तायपेच्या एका मासिकात आली. त्या काळी बायका कविता लिहीत, चंद्रावर वगैरे. आपल्या घरच्या मुलीचा सौदा, तोही स्वतःचं नाव घालून, कोणी लिहिलेला नव्हता. संपादकांना वाटलं, हा टोपणनावाचा पुरुष आहे. भेटायला बोलावलं. दारात वेणी घातलेली मुलगी पाहून ते म्हणाले, "तुमच्या भावाला पाठवा."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, भाऊ नाही. बहीण आहे, पण तिला यायला समुद्र ओलांडावा लागेल."

मामाने घरातून काढलं. मासिकाचे अंक लोकांनी रांग लावून नेले. ज्यांनी शिव्या दिल्या त्यांनीही गोष्ट वाचली. ती हाँगकाँगला गेली, शाळा-कॉलेजांत लागली. तिचं शेवटचं वाक्य त्यांच्याकडे आजही लोकांना तोंडपाठ आहे म्हणतात: मेणा निघतो, आणि धाकटीला दिसतं की त्याचा पडदा आतल्या बाजूने भिजलेला आहे.

मी ते वाक्य वाचलं. तुम्ही शिकवलं तसं, मेणा निघण्याच्या जागी थांबून. वाचून झाल्यावर वर पाहिलं तर शेनबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलेलं होतं.

"हे वाक्य चूक आहे," त्या म्हणाल्या.

"अनुवाद चुकला आहे का?"

"अनुवाद उत्तम आहे. वाक्य चूक आहे." आणि त्या दिवशी पुढे वाचू दिलं नाही.

इथे मंडळाच्या दिवाळीला मी या वर्षी गेले. सुलेखा काकूंनी माझा हात हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं "बिचारी गं" म्हणाल्या. वाईट हेतू नव्हता. मी चकली तोंडात टाकली आणि कुरकुरीत झाली आहे म्हणाले. खरंच झाली होती.

रुचा


ट्रॉय
१९ जानेवारी २०२५

बाबा,

तुमचं पत्र आलं! बर्फात पोस्टाची गाडी आठवडाभर अडली होती, त्यामुळे मेलबॉक्समध्ये कडक होऊन पडलं होतं. अक्षर आईंचं. मजकूर एकच ओळ: "लिहीत राहा. ऐकतो आहे." तुमचीच वाटली, तुम्ही बोलतानाही क्रियापदं मोजूनच वापरता. पण पानाच्या अगदी खाली, त्याच पण घाईच्या अक्षरात आणखी एक ओळ आहे: "त्या थोरलीचं पुढे काय झालं?" हे तुम्ही सांगितलंत की लिहिणाऱ्या हाताने आपल्या मनाने विचारलं, ते मला माहीत नाही. दोघांपैकी ज्यांचा प्रश्न असेल त्यांना सांगते: मलाही अजून कळलेलं नाही. शेनबाईंनी इतकंच म्हटलंय की सगळं क्रमाने सांगेन.

तर क्रमाने. एकसष्ट साली शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेत आल्या. विद्यापीठाच्या लायब्ररीत चिनी पुस्तकांची कार्डं लिहायचं काम करत शिकल्या. त्यांच्या विभागात त्यांच्याआधी एकही बाई नव्हती. प्रबंधासाठी विषय काढला, जुन्या काळच्या चिनी बायकांनी लिहिलेली कथाकाव्यं. माजघरात बसून गायची, ऐकायची, हजार हजार पानांची. गाइड म्हणाले, "असं काही साहित्य आहे का?" तेव्हा शेनबाई लायब्ररीच्या तळघरातून एक खोकं उचलून घेऊन आल्या आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. बायकांच्या हस्तलिखितांवर तिथे 'करमणूक, किरकोळ' अशी चिठ्ठी लावलेली होती. ती त्यांनी स्वतः खरवडून काढली. तीस वर्षं शिकवलं. आज या विषयावर जो कोणी लिहितो तो त्यांच्या पुस्तकापासून सुरुवात करतो, असं त्यांची अनुवादक विद्यार्थिनी म्हणाली. त्यांचे यजमान डेट्रॉइटच्या एका मोटार कंपनीत इंजिनिअर होते, म्हणून हे ट्रॉयचं घर. मूलबाळ नाही. यजमान जाऊन खूप वर्षं झाली.

मी विचारलं, "आणि गोष्टी? या पुस्तकातली शेवटची गोष्ट ऐंशी सालची आहे. नंतर का नाही लिहिल्या?"

"नंतर मी थोरलीला भेटले," त्या म्हणाल्या.

बाहेर बर्फ इतका पडत होता की त्यांनी मला चारलाच घरी पिटाळलं. ड्राइव्ह करताना मी पूर्ण रस्ता त्याच एका वाक्याचा विचार करत होते.

माझी नोकरी बरी चालली आहे. तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी विचारावं असं वाटत होतं म्हणून सांगितलं.

रुचा


ट्रॉय
२३ फेब्रुवारी

बाबा, आणि प्रश्न आईंचा असेल तर आई,

थोरलीचं काय झालं ते काल कळलं.

एक्याऐंशी साली शेनबाईंना गावी जायला मिळालं. थोरली स्टेशनवर आली होती. छप्पन्न वर्षांची, पण सत्तरीची दिसत होती. घरी गेल्यावर शेवया शिजवल्या. जेवताना सांगितलं, अगदी सहज. साठच्या दशकात ती गोष्ट हाँगकाँगवरून त्यांच्या गावापर्यंत पोचली. परदेशातल्या बहिणीने आपल्या घराबद्दल छापलं आहे, हा गुन्हा ठरला. नवऱ्याला चौकशीला नेलं, तो आजारी होऊन परत आला आणि गेला. थोरलीला आठ वर्षं गावचे रस्ते झाडायला लावलं.

शेनबाई म्हणतात, "मी तिच्या पायांशी बसले. म्हटलं, मला मार. ती म्हणाली, उठ, शेवया थंड होतायत. मग म्हणाली, झाडण्याचं काही नाही, हात आहेत, झाडू आहे. राग मला वेगळाच आला तुझा."

"कसला?" मी विचारलं.

"म्हणाली, रस्ता झाडताना शिकलेली माणसं माझ्याकडे बघून हळूच म्हणायची, हीच ती मेण्यात रडणारी, बिचारी. अगं, मी रडले कधी? त्या दिवशी घरात बदक शिजवलं होतं. जन्मात पहिल्यांदा मला सगळ्यांच्या आधी वाढलं. मी दोनदा मागून घेतलं आणि मेण्यात बसल्याबरोबर मला झोप लागली. आणि मी का गेले ते मला माहीत होतं. तुला वर्गात बसवायचं हे मी ठरवलं होतं, आईने नाही. तू मला गोष्टीत विकलंस. मी विकले गेले नव्हते."

इथे शेनबाईंनी थोरलीचं बोलणं संपवलं. मग म्हणाल्या, "रडले होते मी. मेण्यामागे पळत. माझे अश्रू मी तिच्या डोळ्यांत घातले, आणि ते जगभर वाचले गेले." थोरलीने त्यांच्याकडून वचन घेतलं: ते वाक्य बदल. पुढे दहा-बारा वर्षांनी थोरली वारली. पण त्या भेटीनंतर शेनबाईंच्याने ती गोष्ट उघडवेना, आणि नवी लिहवेना. दुसऱ्या बायकांची वाक्यं त्या जपत राहिल्या. आता पुस्तक निघतं आहे म्हणून ती उघडावी लागली, आणि नजर नाही म्हणून माझ्याकडून.

आता अडचण अशी की प्रकाशनाचे संपादक ऐकायला तयार नाहीत. सभ्य माणूस आहे, तरुण आहे. काल फोनवर म्हणाला, या वाक्यावर लोकांनी प्रबंध लिहिले आहेत, ते आता तुमचं एकटीचं राहिलेलं नाही. फार तर तळटीप देऊ.

शेनबाई म्हणाल्या, "टीप नको. बायकांच्या गोष्टींचे शेवट दिरांनी आणि मुलांनी बदलले, ते पकडण्यात माझा जन्म गेला. इथे एक बाई स्वतःचा शेवट बदलते आहे, तर तुम्हाला टीप सुचते?"

तो हसला, पण हो म्हणाला नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा बोलणं आहे.

फोन ठेवल्यावर शेनबाईंनी मला विचारलं, "तू सासरच्या माणसांना इतकी लांब पत्रं लिहितेस. तू वेगळी का झालीस, ते लिहिलंस?"

मी म्हटलं, "मुलगा त्यांचा आहे."

त्या म्हणाल्या, "मी विचारल्याशिवाय लिहिलं. तू विचारल्याशिवाय लिहीत नाहीस. यातलं शहाणपणाचं कुठलं, ते मला या वयातही सांगता येत नाही."

रुचा


ट्रॉय
९ मार्च

बाबा,

हे पत्र आईंना विचारून लिहिते आहे. मागच्या रविवारी त्यांचा फोन आला होता. मी इथे सकाळचा चहा घेत होते. नंबर पाहून तुमच्या तब्येतीचं काही असेल म्हणून पहिल्या रिंगलाच उचलला.

"काय करून राहिलीस?" आईंनी विचारलं. जणू परवाच बोललो होतो.

"चहा पिते आहे. बाबा बरे आहेत ना?"

"ते बरे आहेत, अंगणात बसलेत. तुझी पत्रं मीच वाचून दाखवते. शेजारच्या अनिकाला बोलावलं होतं पहिल्यांदा, पण ती फार पळवते." मग म्हणाल्या, "मागच्या उन्हाळ्यात मी एकटी रेडमंडला गेले होते. पंधरा दिवस. त्याच्या बाथरूममध्ये बाईची केसांची क्लिप होती. कपाटात बायकी कोट होता. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. कधीपासूनचं आहे हे, रुचा?"

मी म्हटलं, "आई, तुम्ही त्याला विचारा."

"तुला विचारते आहे."

"तो ट्रॉयला होता तेव्हापासूनचं," मी सांगितलं.

 बाबा, आईंच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग म्हणाल्या, "आणि आम्ही सगळ्या नागपुरात सांगत सुटलो की सुनेला नवऱ्यापेक्षा नोकरी मोठी झाली."

"नोकरीसाठीही राहिलेच की, आई. मला ती आवडते."

"ते सोड. तू एका शब्दाने बोलली नाहीस."

"तुम्हाला कोणी बिचाऱ्या म्हणावं, असं मला वाटलं नाही."

यावर त्या हसल्या की रडल्या, ते मला फोनवर कळलं नाही, आणि या वेळी मी अंदाज करणार नाही. मी विचारलं, "बाबांना लिहू का हे?" त्या म्हणाल्या, "लिही. वाचून तर मलाच दाखवायचं आहे. बघू तोंडातून निघतं का." म्हणून लिहिलं. आई, इथवर वाचलं असेल तर पाणी प्या आणि मग पुढे वाचा.

आता शुक्रवारचं. संपादक व्हिडिओवर आले. शेनबाईंनी एक शब्दही वाद घातला नाही. मला म्हणाल्या, "शेवटचं पान दोन्ही तऱ्हांनी वाच." मी आधी छापलेलं वाचलं, पडदा भिजलेला. सुंदरच आहे ते, नाही कसं म्हणू? मग नवं वाचलं. धाकटी रडत-ओरडत मेण्यामागे पळते, ठेच लागून पडते, भोई थांबतात. ती पडदा बाजूला करून आत बघते. थोरली झोपलेली आहे, ओठांवर बदकाच्या रश्श्याचा डाग आहे.

मी घाई केली नाही. रश्श्याच्या डागाशी थांबले.

संपादकांनी चष्मा काढला. म्हणाले, "मी ही गोष्ट कॉलेजात असल्यापासून वाचतो आहे. धाकटी रडते आहे, हे मला कधी दिसलंच नव्हतं." आणि मग म्हणाले, "ओके. नवंच छापू."

शेनबाईंनी माझा हात चाचपडत शोधला. खूप घट्ट पकडला. या वयाच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

बाबा, हे सगळं तुम्ही शिकवलेल्या त्या एका गोष्टीवर उभं आहे. मला इंजिनिअरिंगने पोट भरायला शिकवलं, आणि तुम्ही ऐकायला.

रुचा


ट्रॉय
२० एप्रिल

आई, बाबा,

शेनबाई मंगळवारी दुपारी गेल्या. छापलेलं पुस्तक हातात यायचं राहिलं, पण अंतिम मुद्रितं मी त्यांना अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवली होती. शेवटचं पान त्यांनी पुन्हा वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "ऐकलंस का गं?" ते मला नव्हतं, चिनी भाषेत होतं. मी त्यांच्या विद्यार्थिनीला त्या आवाजाची नक्कल करून दाखवली, तेव्हा तिने अर्थ सांगितला.

निरोपाला किती लांबून माणसं आली! केस पिकलेल्या प्राध्यापक बाया, त्यांच्या विद्यार्थिनी, आणि त्यांच्याही विद्यार्थिनी. एकेक उभी राहून सांगत होती: मला यांनी पहिली नोकरी मिळवून दिली, माझं बाळ यांनी सेमिनारमध्ये मांडीवर घेतलं, माझा पहिला लेख यांनी लाल शाईने भरून टाकला आणि मग जेवायला नेलं. कोणी रडून बोललं, कोणी हसून. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मी यांची विद्यार्थिनी नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. यांनी मला सहा महिने शनिवार-रविवार दिले." आणि ते पान वाचलं. कोणीतरी विचारलं, तुम्ही कोण कुठल्या. मी सांगितलं, नागपूरला माझे सासू-सासरे असतात. 'होते' म्हणायचं राहून गेलं, आणि मी दुरुस्त केलं नाही.

आई, तुमचा मेसेज मिळाला. निमिषशी तुमचं बोलणं झालं, तो चिडला आणि मग गप्प बसला, हे वाचलं. त्याच्यावर फार रागावू नका. मी आता नाही रागावत, हे खरं आहे, चांगुलपणाने म्हणत नाही. तुम्ही दोघं जूनमध्ये त्याच्याकडे जाणारच आहात. वाटेत आधी डेट्रॉइटला उतरायचं तुम्ही ठरवलंत, हे मी तीनदा वाचलं. पंधरा दिवस तरी राहा. बाबांची खोली खालच्या मजल्यावर करते आहे, जिन्याची भीती नको. वाचायला आता मी आहेच, त्यामुळे दुपारी तुम्हाला सुट्टी. पुस्तकही तोवर आलेलं असेल.

व्हीलचेअर तिकिटाबरोबरच सांगून ठेवा, तिथे ऐन वेळी मिळत नाही. बाबांचे डोळ्यांचे थेंब हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. बाहेर पडताना गर्दी असली तरी घाबरू नका, मी दाराच्या अगदी समोर थांबते. मसाला आणू नका, इथे सगळं मिळतं.

बरं, थोडा आणा. तुमच्या हातचा मिळत नाही.

तुमची
रुचा